शबरीच्या डोक्यावरची ओढणी

आर्णीच्या बसस्टँडसमोर माझं डिश रिचार्जचं आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मानीबाई आडे माझ्याकडे दर महिन्याला येतात, बाजाराच्या दिवशी, पिशवीत भाजी घेऊन झाली की. त्यांची मुलगी ममता घरबसल्या फोनवरून रिचार्ज करू शकते. यवतमाळला फार्मसीचं शिकते ती. पण मानीबाईंचा त्यावर भरवसा नाही. समोर उभं राहून "झालं का, घनश्यामभाऊ?" असं विचारल्याशिवाय आणि माझ्या तोंडून "झालं, मावशी" ऐकल्याशिवाय त्यांना चित्र येईल असं वाटत नाही.

वय पंचावन्नच्या आसपास. शहरापासून सात किलोमीटरवरच्या तांड्यात राहतात. नवरा धावजी, थोडी कापसाची आणि तुरीची जमीन, एक बैलजोडी. धावजी फार बोलत नाहीत. दुकानात आले तर बाहेर मोटरसायकलवरच बसून राहतात. मानीबाई मात्र बोलतात, आणि बोलायचा त्यांचा आवडता विषय म्हणजे देवादिकांच्या मालिका. कृष्णाची लागली, महादेवाची लागली, कुठल्याही वाहिनीवर लागो, त्यांना ती हवी असते. त्या वर्षी पोळ्यानंतर रामायणावरची एक नवी मालिका सुरू झाली, तेव्हा त्यांनी खास येऊन माझ्याकडून पॅक बदलून घेतला. त्यांच्या घरचा टीव्ही तांड्यातला सगळ्यात मोठा. रात्री आठ वाजता पाच-सहा बाया तिथं जमायच्या.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्या मालिकेत शबरीचा भाग होता. बाया तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. धावजी दाराजवळच्या खाटेवर होते. पडद्यावर पानांची झोपडी, वाकलेली म्हातारी, समोर राम-लक्ष्मण. शबरीने द्रोणातून बोरं पुढं केली तेव्हा बाया हसल्या, कारण ती अंड्याएवढी कलमी बोरं होती आणि त्यांनी स्वतः सकाळी बांधावरची गोळीएवढी बोरं खाल्ली होती. मग शबरी रामाच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. कॅमेरा तिच्या डोक्यावर आला आणि थोडा वेळ तिथंच थांबला. तिच्या डोक्यावर आरशाची ओढणी होती, लमाणी कशिद्याची, कपाळावर येणारा पट्टा दाट टाक्यांचा.

मानीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "मार याडीर छ ई."

गोरबोलीत, म्हणजे लमाणी-बंजारा लोकांच्या बोलीत, याडी म्हणजे आई. ही माझ्या आईची आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. शब्द सगळ्यांना कळले, पण त्या ओढणीबद्दल बोलताहेत हे तिथं बसलेल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. एकीला वाटलं, शबरीत हिला आपली आई दिसली. तिने टीव्हीला हात जोडले. ममता सुट्टीवर घरी होती, तिलाही तसंच वाटलं. धावजी खाटेवरून उठले आणि बैलांना कडबा टाकायला बाहेर गेले.

पुढचं सांगण्याआधी त्या ओढणीची गोष्ट सांगायला हवी.

मानीबाईंच्या आईचं नाव केसलीबाई. दिग्रसकडच्या एका तांड्यात तिचं घर होतं, आता तिथं मानीबाईंचा धाकटा भाऊ हरिसिंग राहतो. तांड्यातल्या बाकी बाया कधीच्या साडीवर आल्या होत्या, पण केसलीबाईने मरेपर्यंत जुना वेश सोडला नाही. घेरदार फेटिया म्हणजे घागरा, आरशाची कांचळी म्हणजे चोळी, आणि ती ओढणी. ओढणीचा कपाळपट्टा तिने लग्नाआधीपासून शिवायला घेतला होता आणि लेकरं झाल्यावरही तिचं काम चालूच होतं. मानी नऊ वर्षांची असताना तिने हट्ट धरला, मलाही टाके घालू दे. आईने एक कोपरा दिला. लाल दोरा संपला म्हणून मानीने पिवळा घेतला, आणि त्रिकोणांची टोकं वर असायची ती खाली केली. पट्टाभर लाल त्रिकोण वर बघतात, त्या कोपऱ्यातले चार पिवळे खाली. आईने ते उसवले नाहीत. पुढं त्याच कोपऱ्यातला एक आरसा फुटला, तर मानीने हरिसिंगच्या शाळेच्या शर्टाचं निळं बटन काढून तिथं लावलं. उघड्या शर्टाने शाळेत गेला म्हणून हरिसिंगने मास्तरच्या दोन छड्या खाल्ल्या.

केसलीबाईने दोघा लेकरांना सांगून ठेवलं होतं, मी मेली की ही ओढणी माझ्या अंगावर घाला, मागं ठेवू नका. चार वर्षांपूर्वी ती गेली. मानीबाईंनी आईला आंघोळ घातली, फेटिया-कांचळी घातली, ओढणी डोक्यावर नीट बसवली, पिवळा कोपरा डाव्या कानावर आला. मग पुरुषमंडळी तिला नाल्यावरच्या स्मशानात घेऊन गेली. बाया तिथं जात नाहीत. मानीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या आणि तिरडी वळणाआड जाईपर्यंत त्यांना उन्हात आरसे चमकताना दिसत होते.

नंतरच्या चार वर्षांत त्या ही गोष्ट कितीतरी जणांना सांगत आल्या. मलाही दुकानात दोनदा सांगितली होती. याडी तिची ओढणी घेऊन गेली, भाऊ, मन भरलं माहं.

शुक्रवारी सकाळी मी दुकानावर पोचलो तेव्हा मानीबाई आणि ममता पायरीवर बसलेल्या होत्या. ममता थोडी वैतागलेली दिसत होती. मानीबाई म्हणाल्या, कालचा भाग लाव आणि मी सांगितलं तिथं थांबव. मी शटर वर केलं, फोनवर तो भाग शोधला आणि दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर घेतला. शबरी वाकली तिथं चित्र थांबवलं. मग त्यांनी सांगितलं म्हणून डावीकडचा कोपरा मोठा केला.

चार पिवळे त्रिकोण, टोकं खाली. त्यांच्या बाजूला चार भोकांचं निळं बटन.

मला आधी हसूच आलं. त्रेतायुगातल्या शबरीच्या डोक्यावर शाळेच्या शर्टाचं बटन, आणि एवढ्या मोठ्या मालिकेत कोणाच्या ते लक्षात आलं नाही. मी वळून काहीतरी बोलणार होतो, पण मानीबाईंचा चेहरा पाहून थांबलो. त्या काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. ममताने त्यांना स्टुलावर बसवलं.

मग त्या म्हणाल्या, "जळालेली वस्तू टीव्हीत कशी येईन, भाऊ?"

मी म्हणालो, अशी दुसरी ओढणी असेल कोणाची. त्यांनी फक्त पडद्यावरच्या बटनाकडे बोट दाखवलं. ममता हळूच म्हणाली, "म्हणजे कोनं तरी आजीच्या अंगावरून काढली."

तोपर्यंत मानीबाईंच्या मनात हे आलेलं नव्हतं, असं मला वाटतं. वस्तू जळून परत कशी आली, याच आश्चर्यात त्या होत्या. ममताचं वाक्य ऐकलं आणि त्या उठल्या, पिशवी तिथंच विसरल्या आणि रस्त्यावर जाऊन दिग्रसकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपला हात केला. ममताही मागोमाग चढली.

हरिसिंगच्या घरी काय झालं ते ममताने मला नंतर सांगितलं. हरिसिंग अंगणात कापूस भरत होता. बहीण अचानक आलेली पाहून त्याने पाणी आणायला सांगितलं. मानीबाईंनी पाणी घेतलं नाही. ममताच्या फोनवरचं चित्र त्याच्यासमोर धरलं. त्याने ते डोळ्यांजवळ नेलं, ओळखलं, आणि म्हणाला, हे तर माझं बटन. मानीबाई त्यावर बोलायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत. आई तुझ्या घरात मेली. खांदा तुझा, आग तुझी. सोनं-चांदी तर तू काढूनच घेतली होतीस, ते सगळेच काढतात, पण तू तिच्या अंगावरचा कपडा सोडला नाहीस. तू याडीला उघडं केलंस.

शेजारपाजारचे गोळा झाले. हरिसिंगने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच बोलला, "मानी, मी याडीले आग देल्ली. डोक्याकडून देल्ली. मले तिचं तोंड दिसत होतं, बाकी काहीच दिसत नोतं."

मानीबाईंनी ते मानलं नाही. त्या तशाच रामलाल नाईकांच्या घरी गेल्या. रामलाल त्या तांड्याचे नाईक, ऐंशीच्या पुढचे, तांड्यातल्या भांडणांचा निवाडा अजूनही त्यांच्याकडे होतो. मानीबाईंनी भावाविरुद्ध बैठक मागितली. रामलालांनी समजावून पाहिलं. त्या ऐकेनात, तेव्हा त्यांनी मंगळवार दिला.

मधल्या दिवसांत त्या नीट जेवल्या नाहीत. कापूस वेचायला जायच्या आणि ओळीच्या मध्येच उभ्या राहायच्या. टीव्ही बंद होता. भावाचं नाव घेतलं की म्हणायच्या, माझं माहेर बुडालं. धावजी हे सगळं ऐकत होते. रविवारी त्यांनी एकदा म्हणून पाहिलं की बैठक राहू दे, गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं. मानीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत बोलले नाहीत.

मंगळवारी मलाही जावं लागलं. पुरावा म्हणून तो भाग दाखवायला माझा टॅब हवा होता. दुपारी दोनला सेवालाल महाराजांच्या देवळापुढं कडुनिंबाखाली बैठक बसली. रामलाल नाईक मध्ये, आजूबाजूला तांड्यातले दहा-बारा पुरुष, एका बाजूला बाया. हरिसिंग डोकं खाली घालून बसला होता. धावजी माझ्या शेजारी होते. मी टॅबवर चित्र लावलं आणि तो हातोहात फिरला. म्हातारे लोक ते जवळ घेऊन पाहत होते. केसलीबाईची ओढणी तिथल्या सगळ्यांनी तीस-चाळीस वर्षं रोज पाहिलेली होती. कोणीही शंका काढली नाही. टॅब बायांकडे गेला तेव्हा एक म्हातारी रडायला लागली.

त्यांचं बोलणं गोरबोलीत चाललं होतं. मला ते समजतं, पण इथं मराठीतच सांगतो. रामलालांनी त्या दिवशी स्मशानात गेलेल्यांना हात वर करायला सांगितलं. सात हात वर झाले. मग त्यांनी एकेकाला विचारलं, चितेवर ठेवताना ओढणी अंगावर होती का? पहिला म्हणाला, होती. दुसऱ्याला आठवत नव्हतं. तिसरा म्हणाला, लाकडं रचताना जाड कपडे बाजूला करा असं कोणीतरी म्हटलं होतं, आरसे तडकून डोळ्यात उडतात म्हणून. ते कोण म्हणालं, हे त्याला सांगता येईना. सगळ्यांच्या नजरा हरिसिंगकडे जायला लागल्या. मानीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आता याला देवळात हात ठेवून सांगू द्या.

हरिसिंग उठला. दोन पावलं देवळाकडे गेला असेल.

"त्याले नोका नेऊ," धावजी म्हणाले. "म्यां काढली."

मला ते शेजारी बसून ऐकू आलं, बाकीच्यांना आलं नसावं. रामलालांनी विचारलं, काय म्हणतोस? धावजी उभे राहिले. ते परत म्हणाले, "ओढणी म्यां काढली. हरिसिंगले ठाऊक नाही."

मानीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी त्यांच्यापासून आठ-दहा हातांवर होतो. राग नव्हता त्या चेहऱ्यावर. रस्त्यात अनोळखी माणसाने नावाने हाक मारली तर आपण पाहतो, तसं त्या पाहत होत्या. मग त्या खाली बसल्या, जिथं उभ्या होत्या तिथंच, मातीत.

धावजींना एवढं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, चितेवर ठेवताना आरसे तडकतात म्हणून ओढणी काढा असं एकाने सांगितलं, आणि मी जवळ होतो म्हणून मी काढली. रीतीप्रमाणे ती झाडावर टांगून यायची होती. पण माझ्या हातात तो पिवळा कोपरा आला. मानीने नऊ वर्षांची असताना शिवलेला, हे मला लग्नापासून माहीत होतं. मला ती झाडावर टांगवेना. घडी करून मोटरसायकलच्या डिक्कीत घातली. वाटलं, तेरावं झालं की मानीला देईन, तिला आईची आठवण राहील.

पण घरी येऊन पाहतो तर मानी ज्याला त्याला सांगत होती की याडी ओढणी घेऊन गेली आणि माझं मन भरलं. त्यावर काय बोलणार? महिना गेला, सहा महिने गेले. ओढणी शेतातल्या झोपडीत खताच्या रिकाम्या पोत्यात होती. बोललो असतो तर ती म्हणाली असती, आईचा शब्द मोडलास. मग उंदीर लागायला लागले. दोन वर्षांपूर्वी जुने लमाणी कपडे घेणारा एक माणूस शेतावर आला, भांड्यांवर कपडे घ्यायचा. त्याला देऊन टाकली.

रामलालांनी विचारलं, बदल्यात काय घेतलंस?

"डबा," धावजी म्हणाले. "पिठाचा."

मानीबाईंच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता. जोरात आपटल्यावर श्वास जातो तसा होता. त्यांच्या चुलीजवळचा झाकणाचा मोठा स्टीलचा डबा धावजींनी आर्णीच्या कृषी प्रदर्शनात सोडतीत लागला असं सांगून आणला होता. दोन वर्षं त्या रोज सकाळ-संध्याकाळ त्यातून पीठ काढून भाकरी थापत होत्या. नशिबाचा डबा म्हणून त्यांनी त्याला हळदकुंकूही लावलं होतं.

रामलाल नाईकांनी हरिसिंगला निर्दोष म्हटलं. धावजींना काय दंड करायचा, हे त्यांनी मानीबाईंना विचारलं. त्या उत्तर न देता उठल्या आणि भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडायला गेल्या, तर हरिसिंगने त्यांचे हात धरले. त्या दिवशी त्या धावजींच्या मोटरसायकलवर बसल्या नाहीत. माझ्या गाडीवरून आल्या. घरी पोचल्यावर त्यांनी डब्यातलं पीठ परातीत ओतलं आणि डबा उचलून तांड्याबाहेरच्या उकिरड्यावर ठेवून आल्या. दुसऱ्या दिवशी तो कोणीतरी नेला.

नवऱ्याशी त्यांचं बोलणं बंद झालं. जेवणाचं ताट समोर ठेवायच्या, पण शब्द नाही.

इकडे ममताने मालिकेच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटो टाकून लिहिलं होतं. एकदा, दोनदा, पाचदा. बाराव्या दिवशी तिला निरोप आला की वेशभूषा सांभाळणारे एक गृहस्थ फोन करतील. तांड्यात रेंज नीट मिळत नाही म्हणून ती आईला घेऊन माझ्या दुकानात आली. फोन स्पीकरवर लावला.

माणूस हिंदीत बोलत होता, भला वाटला. त्याने सांगितलं की ओढणी मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात आली होती, शबरीसाठी तीच आवडली. ती आता शबरीच्या पेटीत आहे, पुढं एखाद्या आठवणीच्या प्रसंगाला लागू शकते, म्हणून आत्ताच देता येणार नाही. बटनाचं ऐकून तो हसला, म्हणाला आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. मग त्याने सहज विचारलं की अशी सुंदर वस्तू घरातून बाहेर गेलीच कशी.

ममता अडखळली. मानीबाई पुढं झाल्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरी माँ के मुर्दे पर से निकाली, साहेब. जलाने को भेजी थी."

मग त्याने विचारलं, काय म्हणालात? ममताने सगळं नीट सांगितलं. तो "हे भगवान" म्हणाला आणि नंतर बोलतो म्हणून ठेवून दिला.

त्याचा फोन पुन्हा आला नाही. निरोप आला, दोनच दिवसांनी. ओढणी कुरिअरने पाठवली आहे, कृपया ही गोष्ट कुठे लिहू नये. ममताने खोदून विचारलं तेव्हा कळलं की प्रेतावरची ओढणी म्हणताच सेटवर घबराट झाली होती. पेटीला कोणी हात लावेना. शबरी झालेल्या बाईंना ताप भरला होता. तिथं भटजी बोलावून शांती करून घेतली.

ज्या ओढणीखाली मानीबाई लहानपणी झोपल्या होत्या, तिच्यासाठी शांती करावी लागली, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. एवढंच म्हणाल्या, "थे लोक माह्या मायले भ्याले."

कुरिअर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी फोन केला तशा मायलेकी आल्या. खोका उघडला. ओढणी प्लास्टिकमध्ये होती, धुऊन इस्त्री केलेली. मानीबाईंनी ती बाहेर काढली आणि त्यांचा हात थांबला. तिच्या मागं तपकिरी अस्तर लावलेलं होतं. केसांत अडकवायला आतून क्लिपा शिवलेल्या होत्या. जुनं झालेलं दिसावं म्हणून काठाला चहासारखा रंग दिला होता, आणि एका बाजूची वीतभर पट्टी कापून टाकलेली होती. ममता म्हणाली, आई, काही हरकत नाही, आपण हिला काचेत ठेवू, घरात लावू. अशा ओढण्या आता मिळत नाहीत, लोक पाहायला येतील.

मानीबाईंनी माझ्याकडे ब्लेड मागितलं. दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसून त्यांनी अस्तराचा एक-एक टाका उसवला. क्लिपा काढल्या. अस्तर कपड्यापासून वेगळं झालं तेव्हा आईचे उलट बाजूचे टाके दिसले, त्यांच्यावर त्यांनी नुसता हात फिरवला. दुपार तशीच गेली. मधून मी दोनदा चहा दिला, तो तिथंच निवला.

"एवढं कायले करून राह्यली, आई?" ममताने विचारलं.

"जे तिचं नाही, थे तिच्यासोबत जायले नोको."

तेव्हा ममताला कळलं की आई ती ठेवणार नाही. ती रडली, चिडली, म्हणाली की एवढा आटापिटा करून मी ती जाळण्यासाठी परत आणली का? मलाही आतून तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मानीबाई शांत होत्या. म्हणाल्या, "ठेवाची असती तर म्यां तव्हाच ठेवली असती, बाई. मले काय तिचा लोभ नोता? तिनं मांगतली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात आल्या आणि सोळा-सतरा दिवसांनंतर नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलल्या. "गाडी काढा."

धावजींनी गाडी काढली. ममता घरीच राहिली. वाटेत आर्णीला मला सोबत घेतलं, आम्ही दोन गाड्यांवर गेलो. हरिसिंग नाल्याजवळ वाट पाहत उभा होता. रामलाल नाईकांना विचारून ठेवलं होतं. त्यांनी काही हरकत घेतली नव्हती, आणि बाईमाणूस स्मशानात जातं म्हणून तांड्यातलंही कोणी आडवं आलं नाही. थंडी होती, नाल्यात पाण्याची डबकी उरली होती. केसलीबाईची जागा हरिसिंगने दाखवली. तिथं आता तरोट्याची वाळलेली झुडपं उभी होती. त्याने ती उपटली आणि पळसाच्या काटक्यांचा लहानसा ढीग रचला, वर थोडं तूप टाकलं.

धावजी वरच रस्त्यावर गाडीपाशी थांबले होते. मानीबाईंनी ओढणी छातीशी धरली होती. त्यांनी वळून पाहिलं आणि हाताने बोलावलं. ते खाली आले, चपला काढून. मानीबाईंनी ओढणी त्यांच्या हातात दिली.

"तुमच्या हातानं काढली," त्या म्हणाल्या. "तुमच्याच हातानं ठेवा."

धावजी वाकले. त्यांनी ओढणी ढिगावर ठेवली, कडा आत दुमडल्या, उठताना त्यांचा तोल गेला तर हरिसिंगने दंडाला धरलं. मग हरिसिंगने काडी ओढली. जुना सुती कपडा, लगेच पेटला. आरसे तडकायला लागले आणि आम्ही तिघं नकळत मागं सरकलो. मानीबाई सरकल्या नाहीत. धूर त्यांच्याकडे जात होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी पदर तोंडाशी नेला नाही. आग खाली बसेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी भावाच्या घराच्या दिशेने चालायला सुरुवात केली. हरिसिंगच्या बायकोने सगळ्यांसाठी स्वयंपाक केला होता.

जेवताना धावजी ओसरीच्या टोकाला बसले होते. मानीबाईंनी त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि विचारलं, वरण पाह्यजे का. ते होय म्हणाले.